तिसरीतला मुलगा, मधली सुट्टी आणि वर्गातली दादागिरी: शाळेशी नेमकं काय बोलायचं?

गवतीचहा

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मुलगा तिसरीत आहे. अनुदानित मराठी शाळा. शाळा सुरू झाल्यापासून पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली परत येतेय. आधी वाटलं खेळायच्या नादात विसरत असेल. मग लक्षात आलं की घरी आल्या आल्या दप्तर दारातच टाकून हा बाथरूमकडे पळतो. शाळेत दिवसभर लघवीला जातच नाही, आणि जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही. खोदून खोदून विचारल्यावर बोलला. वर्गातली तीन-चार मुलं मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाशी घुटमळत असतात, हा आत गेला की बाहेरून कडी लावतात. एकदा चड्डी ओढली. तेव्हापासून त्याला एक नाव पडलंय (इथे लिहीत नाही). आता वर्गातल्या मुलीही त्याला त्याच नावाने हाक मारतात. डब्यातला खाऊ ‘टॅक्स’ म्हणून जातो तो वेगळाच. मुलगा बुजरा आहे, ‘र’ अजून नीट येत नाही, ते तर आयतंच सापडलंय त्यांना.

वर्गशिक्षिका बाईंशी गेटवर बोलले. बाई वाईट नाहीत, पण म्हणाल्या, “मुलं आहेत, चालायचंच. तुम्ही त्याला जरा खमका करा.” दुसऱ्या दिवशी त्यांनी याला आणि त्यातल्या म्होरक्याला वर्गासमोर उभं केलं, सॉरी म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले. त्याच मधल्या सुट्टीत ‘आईला नाव सांगतो’ म्हणून याचा डबा पालथा केला.

नवरा म्हणतो कराटे लावू. सासूबाई म्हणतात शाळा बदला. माझे प्रश्न: मुख्याध्यापकांशी तोंडी बोलावं की लेखी द्यावं? लेखी दिल्यावर पोरावर राग निघेल का? आणि त्या म्होरक्याच्या आईला मी ओळखते, तिला थेट फोन करू का?

बंड्या_सातारकर

कराटेला माझं मत. आमच्या वर्गात एकाला सगळे ढोल्या म्हणायचे, तो आज मोठा कंत्राटदार आहे, आम्हालाच कामं देतो. हल्ली जरा काही झालं की पालक शाळेत हजर. पोरगं एकदा एक ठेवून देईल आणि विषय संपेल.

रानजाई

बंड्याभाऊ, ढोल्याला कधी विचारलंत का त्याला काय वाटायचं ते? आमच्या वर्गातल्या एकीला माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रूपवर घेतलं. कुणीतरी लाडाने त्या जुन्याच नावाने स्वागत केलं. बाई एक शब्द न बोलता ग्रूप सोडून गेल्या. आम्ही सगळे पन्नाशीच्या पुढचे आहोत.

गवतीचहा, लघवी तुंबवून ठेवल्याने मुलांना संसर्ग होतो, बद्धकोष्ठही होतं. शाळेचं काय व्हायचं ते होईल, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.

तिरंगी_पतंग

अशा पोराला शाळेतून काढूनच टाकलं पाहिजे. नाहीतर सरळ पोलिसात जा. दोन छड्या बसल्या असत्या वेळेवर तर हे झालंच नसतं.

आमसूल

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. मुलाला न बघता सल्ला देणं बरं नव्हे, म्हणून सर्वसाधारण लिहिते.

खोडी, भांडण आणि छळ यांत फरक आहे. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी लावलेली कसोटी जगभर वापरतात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हापुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. बळ म्हणजे अंगातलंच असं नाही. संख्या, बोलण्यातला चुणचुणीतपणा, मॉनिटरपद, वर्गातला मान, सगळं त्यात आलं. नॉर्वेत 1982 मध्ये, बहुधा अशाच छळामुळे, तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि पुढच्याच वर्षी सरकारने देशभरातल्या शाळांत मोहीम काढली, तिथून या विषयाकडे सरकारं गंभीरपणे बघायला लागली. तुम्ही लिहिलंय ते तिन्ही कसोट्यांना उतरतं. तेव्हा ‘चालायचंच’ नाही.

हात मिळवायला लावणं भांडणात ठीक. तिथे दोघांचंही थोडं थोडं चुकलेलं असतं. इथे जो घाबरलाय त्यालाच घाबरवणाऱ्यासमोर उभं करून ‘मिटवा’ म्हटलं. त्यातून दोघांनाही एकच कळलं, की मोठ्यांना सांगून काही होत नाही. बाईंना दोष देत नाही, त्यांना हे कुणी शिकवलेलंच नसतं. पण यापुढे दोघांशी वेगवेगळं बोलायचं, आणि वर्गासमोर तर मुळीच नाही, हे शाळेला स्पष्ट सांगा.

कराटेने मुलाचा आत्मविश्वास वाढत असेल तर जरूर लावा, हौस म्हणून. उपाय म्हणून नको. तीन-चार जणांवर एकटा हात उचलेल, मार खाईल, वर शाळेच्या दप्तरी ‘मारामारी केली’ म्हणून त्याचंच नाव लागेल.

आणखी एक. तुमच्या लिहिण्यात कडी लावणारे तीन-चार आहेत, पण ते नाव घेणारा अख्खा वर्ग आहे. टोरांटोच्या प्राथमिक शाळांत संशोधकांनी मुलांच्या अंगावर माइक लावून पटांगणात लांबून चित्रीकरण केलं होतं. 2001 मध्ये तो अभ्यास छापून आला. छळाच्या 88 टक्के प्रसंगांत इतर मुलं आजूबाजूला होती. मध्ये पडली फक्त 19 टक्के वेळा. पण पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. मोठा माणूस तिथवर पोचतही नाही तेवढ्यात. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा कार्यक्रम 2009 पासून तिथल्या शाळांत देशभर गेला, तो याच बघ्या मुलांवर बेतलेला आहे. त्यात शिक्षक वर्गातली दोन-तीन वजनदार मुलं हेरतात आणि ‘याला जरा तुमच्यात घ्या’ असं त्यांच्यावर सोपवतात. त्याला पैसा लागत नाही, बाईंना वर्ग माहीत असला की झालं.

सातबारा

तिरंगी_पतंग, तिन्ही उपाय बाद. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 16: प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पाचवी-आठवीत नापास करायची मुभा 2019 मध्ये आली, नाव काढायची नाही आली. कलम 17: शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला मनाई. छडी त्यात आली, वर्गाबाहेर ओणवं उभं करणंही आलं. पोलिसांचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 20 प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात कलम 21 प्रमाणे त्याला परिणाम समजण्याइतकी अक्कल होती का हे बघितलं जातं. तिसरीतली पोरं आठ-नऊ वर्षांची. पण एक लक्षात ठेवा: लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागू होतो, तिथे माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. तशी शंका आली तर मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर फोन करा, थांबू नका.

गवतीचहा, लेखीच द्या. तोंडी तक्रार हवेत विरते. साधा अर्ज, मुख्याध्यापकांच्या नावे, दोन प्रती. एका प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. तुमची शाळा अनुदानित आहे, म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती असणार. तिचे किमान 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. समितीचा पालक सदस्य शोधा, अर्जाची एक प्रत त्याला द्या. तिथे काही झालं नाही तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 32: स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिका किंवा जिल्हा परिषद, लेखी तक्रार. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्याच्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. एवढं वर जायची वेळ बहुधा येत नाही, पण पायऱ्या माहीत आहेत हे मुख्याध्यापकांना दिसलं की फरक पडतो.

बंड्या_सातारकर

वकीलसाहेब, आठ वर्षांच्या पोरांच्या खोड्यांसाठी आयोग? धन्य आहे. उद्या खोडरबर चोरला म्हणून उच्च न्यायालय.

खडूफळा

मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, दोनशिक्षकी शाळा आणि मोठी शाळा दोन्ही बघितल्यात. बंड्याभाऊंचं सगळंच चूक नाही. अर्ज आला की मुख्याध्यापक आधी घाबरतात, मग कागद रंगवतात: पालकांना समज दिली, विद्यार्थ्यास समुपदेशन केले, सही, तारीख. मुलाची मधली सुट्टी होती तिथेच राहते. म्हणून अर्जात ‘कारवाई करावी’ असं मोघम लिहू नका. काय हवंय ते लिहा.

आमच्या शाळेत असाच प्रकार होता, शिवाय पोरं काही सांगत नव्हती. ‘चुगलखोर’ म्हणतील ही भीती. तेव्हा मी फळ्यावर शाळेचा नकाशा काढला. वर्गखोल्या, व्हरांडा, पाण्याची टाकी, पोषण आहाराची खिचडी शिजते ती खोली, स्वच्छतागृह, चिंचेचं झाड, गेट. प्रत्येकाने तो कागदावर उतरवायचा, आवडते ती जागा हिरव्या खडूने रंगवायची, नको वाटते ती लाल. नाव लिहायचं नाही. मला वाटलं होतं स्वच्छतागृह लाल येईल, आलंही. पण सगळ्यात जास्त लाल आली ती पाण्याच्या टाकीमागची दीड-दोन हात रुंद बोळ. मी तिथून रोज जात होतो. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे शिक्षक जिथे डबा खायला बसायचो तिथून ती बोळ दिसत नाही, हे पोरांना पक्कं माहीत होतं. एकाने खिचडीची रांगही लाल केली होती. त्याचं कारण निराळं निघालं, त्याला आडनावावरून पुढे येऊ द्यायचे नाहीत, शेवटी उभं करायचे. मास्तरांच्या पोटात गोळा आला तो त्या कागदाने. ते मात्र नुसत्या देखरेखीने सुटणारं नव्हतं, त्यासाठी गावातल्या दोन घरी जाऊन बसावं लागलं.

बाकी उपाय साधे होते. डबा खायची जागा बदलली, एका शिक्षकाची खुर्ची टाकीच्या बाजूला. मधल्या सुट्टीची पाळी हजेरीपत्रकासारखी लिहून ठेवायला लागलो. आणि मधल्या सुट्टीला खेळ दिले, लगोरी, दोरीउड्या, मोठ्या मुलांना पंच केलं. रिकामी पोरं आणि कोपऱ्याची जागा, हे दोन्ही एकत्र आलं की दादागिरी होते.

तुमच्या बाबतीत पहिली मागणी: स्वच्छतागृहाच्या दाराची बाहेरची कडी काढून टाका. सुताराला दहा मिनिटं लागतात. बाहेरून कडी असायचं मुळात कारण काय?

आमसूल

खडूफळा, नकाशा फार आवडला, मी वापरणार. खिचडीच्या रांगेचं लिहिलंत ते बरं केलंत. जात, रंग, गावाकडची बोली, आईचं काम, या गोष्टींवरून होणारं चिडवणं ‘मुलांच्या खोड्या’ या सदरात टाकून आपण मोकळे होतो. ते मुलांनी घरातून आणलेलं असतं.

डोंगरवेडा

त्याच मुद्द्यावर. माझा भाचा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून एका बड्या इंग्रजी शाळेत लागला. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. पण वर्गातल्या वाढदिवसांना याला आमंत्रण नसायचं, प्रोजेक्टच्या गटात घेत नसत, आणि याचा टिफिन उघडला की दोघी नाक धरत. तक्रार काय करणार? कुणाविरुद्ध? बहिणीने शेवटी एकच केलं, बाईंना सांगितलं की गट मुलांना पाडू देऊ नका, तुम्ही पाडा. बाईंनी ऐकलं. वाढदिवसांचं तसंच राहिलं.

चिंचपेटी

दुसऱ्या बाजूने लिहिते. माझा मुलगा ‘तो’ मुलगा होता. मला शाळेकडून नाही, पालकांच्या ग्रूपवरून कळलं. ‘अशांना ठेचलं पाहिजे’, ‘घरचे संस्कार दिसतात’, खाली अंगठ्यांची रांग. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. एका बाईने त्याचा सहलीतला फोटो टाकून त्यावर गोल काढला होता. त्या ग्रूपवर जे चाललं होतं ते वर्गातल्यापेक्षा वेगळं होतं असं मला वाटत नाही.

राग आला, भांडले. मग बाईंनी एकटीला बोलावलं आणि वहीतल्या नोंदी वाचून दाखवल्या. कुठल्या वारी, कुठे, त्याने काय केलं, कोण होतं. ‘तुमचा मुलगा वाईट आहे’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत, त्यामुळे मला भांडायला जागाच उरली नाही. घरी येऊन मी कारण शोधत बसले. आमच्यात काही कमी पडतंय का, त्याला कुणी मारतंय का. तसं काही निघालं नाही. विचारलं तर म्हणाला, “सगळे हसतात.” बस. त्याला ते हसू हवं होतं.

बाईंनी काही दिवस त्याची मधली सुट्टी स्वतःसोबत ठेवली, आणि ज्याचा खाऊ घेतला होता त्याला भरून द्यायला लावला, आमच्याकडच्या खाऊच्या पैशातून. सॉरी वगैरे काही नाही. वर्गातही त्या नावाने हाक मारायची नाही हे सगळ्यांना सांगितलं, नुसतं त्याला नाही. हसू बंद झालं तसं त्याचंही कमी झालं. एकदम नाही, मध्ये पुन्हा एकदा तक्रार आली होती.

गवतीचहा, त्या आईला फोन करू नका. मला तुमचा फोन आला असता तर मी मुलाचीच बाजू घेतली असती. शाळेला बोलावू द्या.

रानजाई

चिंचपेटी, लिहिलंत हे फार बरं झालं. ग्रूपबद्दल दहा वेळा अनुमोदन. प्राथमिकच्या पालकांचे ग्रूप हे एक स्वतंत्र धाग्याचं प्रकरण आहे.

अनुजा_न्यूजर्सी

इथलं सांगते, तुलना म्हणून. न्यू जर्सीत 2011 मध्ये कडक कायदा झाला. प्रत्येक शाळेत यासाठी नेमलेला माणूस असतो, तक्रार आल्यापासून शाळेच्या एका दिवसात मुख्याध्यापकांनी चौकशी सुरू करायची, दहा दिवसांत संपवायची, पालकांना लेखी कळवायचं. माझ्या मुलीच्या डब्याच्या वासावरून आणि नावाच्या उच्चारावरून चाललं होतं, तेव्हा हे सगळं अनुभवलं. चांगलं हे की ‘चालायचंच’ हे वाक्य कुणी तोंडातून काढू शकत नाही. वाईट हे की सगळं लक्ष ‘हे कायद्याच्या व्याख्येत बसतं की नाही’ याच्यावर जातं. आमचं ‘बसत नाही’ असं पत्र आलं. मुलीच्या दृष्टीने काम झालं ते जेवणाच्या टेबलावरची जागा बदलल्याने, आणि ते करणारी बाई त्या चौकशीत कुठेच नव्हती.

भारतात सीबीएसईने 2015 मध्ये शाळांना असा छळ रोखण्यासाठी समिती नेमायला सांगितलं होतं ना? राज्य मंडळाच्या शाळांत काय असतं?

सातबारा

हो, सीबीएसईचं परिपत्रक आहे. आपल्याकडे शासन निर्णयाने तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) शाळांत असायला हवी. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर पुन्हा आदेश निघाले. प्रत्यक्षात पेटी बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर, शिपायाच्या खुर्चीशेजारी लटकलेली असते. तिथे चिठ्ठी टाकायला कोण जाईल? ती कुठे लावावी हा प्रश्न समितीच्या बैठकीत पालक सदस्यांनी काढावा, इतिवृत्तात येऊ द्यावा.

गवतीचहा

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना दाखवलं, थोडा संसर्ग निघाला, औषध चालू आहे. त्यांनी चिठ्ठीवर ‘शाळेत पाणी पिऊ द्यावे व लघवीस जाऊ द्यावे’ असं लिहून दिलं, तीही अर्जाला जोडली.

खडूफळांच्या सांगण्याप्रमाणे अर्जात मागण्या लिहिल्या: बाहेरची कडी काढावी, मधल्या सुट्टीत तिथे एक शिक्षक असावा, मुलांना समोरासमोर आणू नये, टोपणनाव वर्गात बंद व्हावं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेट. आवक क्रमांक मागितला तर कारकुनाने चष्म्यावरून बघितलं, पण दिला. मुख्याध्यापक आधी जरा फुरंगटले, “एवढं लेखी कशाला, ताई?” म्हणाले. डॉक्टरांची चिठ्ठी वाचल्यावर मात्र सूर बदलला. कडी निघाली. शिक्षकाची पाळी लावली आहे म्हणतात, मुलगा म्हणतो “कधी कधी असतात.” टोपणनावाचं अजून चालू आहे. बाईंनी याच्या बाकावर वर्गातल्या कबड्डीपटू मुलीला बसवलंय. तिला काय सांगितलं ते माहीत नाही, पण खाऊचा टॅक्स बंद आहे.

फोन केला नाही. भाजीबाजारात समोरासमोर आलो तेव्हा मेथीच्या भावावर बोललो.

बंड्या_सातारकर

कबड्डीवाली पोरगी हे मला पटलं. कराटे राहू दे.

पितळी_डबा

उशिरा आले धाग्यावर. माझी मुलगी दुसरीत. शाळेत ठीक आहे, पण व्हॅनमध्ये पाचवीतल्या दोन मुली तिला मांडीवर दप्तरं घ्यायला लावतात, चिमटे काढतात. शाळा म्हणते व्हॅन आमची नाही, खासगी आहे. व्हॅनकाका म्हणतात मी रस्त्याकडे बघू की मागे बघू. कुणाला धरायचं?

सातबारा

शाळेचं म्हणणं टिकत नाही. स्कूल बससाठी राज्याचे 2011 चे नियम आहेत, त्यात प्रत्येक शाळेला परिवहन समिती ठेवावी लागते आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात. व्हॅनचे पालकही त्या समितीसमोर विषय मांडू शकतात. अर्ज मुख्याध्यापकांना, ‘अध्यक्ष, परिवहन समिती’ असं पदनाम घालून द्या. व्हॅनला परवाना आहे का, आणि त्यात किती मुलं बसवतात, हेही त्यातच विचारा. मांडीवर दप्तरं येतायत म्हणजे गाडीत जागेपेक्षा जास्त मुलं कोंबलेली असणार.

खडूफळा

तोवर काकांना एवढंच सांगा, की दुसरीवालीला पुढच्या बाकावर, त्यांच्या आरशात दिसेल अशी बसवा आणि पाचवीवाल्यांना मागे. ते नाही म्हणणार नाहीत, त्यांनाही मागचा कालवा नकोच असतो.